बिराजदारांच्या सुनेची चौकशी

सुनेने नोकरीच्या चौकशीसाठी तीन नावं दिली आणि त्यांत आपलं नाव नाही, हे कळलं तेव्हा निलक्का बिराजदारच्या हाताखालची भाकरी काटवटीतच फाटली. असं कधी होत नसे. सोलापुरात गल्लोगल्ली कडक भाकरीचे कारखाने झाले, उन्हावर तापणारे तवे आले, भाकरी थापणारी यंत्रं आली आणि त्यांची भाकरी जाड निघते म्हणून परतही गेली. पण निलक्काच्या हाताखाली भाकरी फाटलेली कुणी पाहिली नव्हती. तिने तो फाटका गोळा उचलून पुन्हा मळायला घेतला, जणू आधीपासून तसंच ठरलं होतं.

"कुणाकुणाची नावं दिलीस म्हणालीस?"

समोरच्या तव्यावर दाक्षायणी होती. निलक्काची सून. निलक्काचा मुलगा विरुपाक्ष जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. घरात या दोघी, आणि घराच्या पुढच्या पडवीत कारखाना. सासूला ती आत्ती म्हणायची. बाकी सगळी पेठ अक्का म्हणायची.

"मल्लिनाथशेठ, पठाण मॅडम आणि कलावती."

"ज्वारीवाला, मास्तरीण आणि माझ्याच तव्यावरची बाई," निलक्काने गोळा काटवटीत आपटला. "आणि ज्या घरात तू इतकी वर्षं भाकऱ्या थापायलीस, त्या घराची मालकीण काय मेली का?"

"नातेवाईक चालत नाहीत, आत्ती."

"मी नातेवाईक हाय की मालकीण हाय?"

"मालक असेल तर नातेवाईकही चालतो," दाक्षायणी खरं तेच बोलली. तिला दुसरं काही बोलता येत नसे. "तसं लिहिलंय खाली."

"मग?"

दाक्षायणीने भाकरी उलटली. वरून पाण्याचा हात फिरवला. मग इतक्या हळू बोलली की तव्याच्या चरचरीत ते बुडालंच असतं. पण निलक्काचे कान अजून शाबूत होते.

"मला वाटलं नाही तुम्ही माझ्याबद्दल चांगलं बोलाल."

नोकरी दक्षिण ध्रुवाकडची होती. तिथल्या बर्फावर नवा संशोधन तळ उभा राहिला होता आणि त्यांना स्वयंपाकघराची प्रमुख हवी होती. एकदा बोट परतली की हिवाळाभर ना बोट, ना विमान. मूठभर माणसं, एक छप्पर, आणि बाहेर न संपणारा अंधार. अशा जागी शास्त्रज्ञ चुकीचा निवडला तर एखादा प्रयोग बिघडतो. स्वयंपाकी चुकीचा निवडला तर माणसं एकमेकांवर ताटं फेकतात. तळावाल्यांना हे अनुभवाने कळलं होतं. कडक भाकरी महिनोन्‌महिने टिकते, वजनाला हलकी, कढणात मोडली की पोटभर. त्यामुळे दाक्षायणीचा अर्ज पहिल्या चाळणीतून पार पडला होता. आता राहिली होती चौकशी. त्यात ती उतरली, की सव्वा वर्ष घराबाहेर.

निलक्काला त्या क्षणी दोन गोष्टी वाटल्या, आणि त्या एकमेकींना अजिबात पटत नव्हत्या. पोरीने जाऊ नये. आणि बिराजदारांची सून चौकशीत नापास झाली, असंही कुणी म्हणू नये.

*

त्या काळात चौकशी म्हणजे साधं काम राहिलं नव्हतं. आधीच्या वर्षांत अर्ज यंत्रं लिहीत, शिफारसपत्रंही यंत्रंच लिहीत. प्रत्येक उमेदवार प्रामाणिक, प्रत्येक उमेदवार कष्टाळू, प्रत्येकाच्या साहेबाच्या डोळ्यांत त्याच्या निरोपाच्या दिवशी पाणी. शेवटी नोकरी देणाऱ्यांनी पत्रं वाचणंच सोडून दिलं. मग ते माणसांना समोर बसवून विचारू लागले, तर माणसं कानात बारीक यंत्र घालून यायची आणि ते सांगेल तसं बोलायची.

त्यावर उपाय निघाला तो स्मृतिदर्शक. देवघराएवढं खोपटं, आत खुर्ची, समोर काळी काच. शिफारस करणाऱ्याने त्यात बसून बोलायचं. तालुक्यातालुक्यात अशी केंद्रं झाली होती. शिफारस देणाऱ्यांसाठी एकच सूचना असे: कृपया तयारी करू नका.

निलक्का चौथीपर्यंत शिकलेली. सूचना तिने वाचली, आणि तिला ती वेडगळ वाटली. तयारी करू नका? अहो, चौकशी म्हणजेच तयारी. पेठेतल्या किती पोरींची लग्नं निलक्काने जमवली होती! मुलाकडचे लोक चौकशीला येणार असं कळलं, की ती आदल्या दिवशी गल्लीतून चक्कर मारायची. किराणावाला काय बोलेल, शेजारीण काय बोलेल, इस्त्रीवाला काय बोलेल, सगळं बसवून यायची. तिचे नियम ठरलेले. नुसती स्तुती करायची नाही, माणसं संशय घेतात. एक बारीकसं वैगुण्य ठेवायचं, कालवणात मीठ घालावं तेवढं. आणि ते वैगुण्य सगळ्यांनी एकच सांगायचं. एक म्हणाला मुलगी अबोल आहे आणि दुसरा म्हणाला फार बोलते, की मोडलंच म्हणून समजा.

दाक्षायणी माल पोचवायला मार्केट यार्डात गेलेली बघून निलक्काने चप्पल घातली.

मल्लिनाथशेठ आपल्या दुकानात मालदांडी ज्वारीच्या पोत्यांना टेकून पेंगत होता. निलक्काला बघून ताठ झाला.

"या अक्का! फोन करायचा, ज्वारी उडत आली असती घरी."

"ज्वारी नको. कान दे इकडं. दाक्षाची चौकशी हाय. काय बोलणारेस?"

"चांगलंच बोलीन की."

"चांगलं म्हंजे काय? बोलून दाखव."

मल्लिनाथशेठने डोकं खाजवलं. "चांगली... म्हंजे... वेळेवर पैसे देती."

"पैसे मी देते रे! ते माझं कौतुक झालं. ऐक. कष्टाळू हाय, प्रामाणिक हाय, चार माणसांत मिळून-मिसळून ऱ्हाती. आन शेवटाला म्हणायचं, जरा अबोल हाय. म्हण."

मल्लिनाथशेठने म्हटलं. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा त्याला हसू आलं तेव्हा निलक्काने त्याच्याकडे असं पाहिलं की चौथ्यांदा तो पाढा म्हणावा तसा म्हणाला.

पठाण मॅडमनी दाक्षायणीला पॅकिंगच्या सरकारी वर्गात शिकवलं होतं. त्यांनी दारातच हात जोडले. "अक्का, तयारी करायची नाही असं स्पष्ट लिहिलंय हो."

"मॅडम, तुम्ही पोरींना परीक्षेला तशाच बसवता का? न शिकवता?"

मॅडमनी दार पूर्ण उघडलं. त्या शिकवणाऱ्या होत्या, आणि निलक्काने नेमकं तिथेच धरलं होतं. चहा होईपर्यंत कष्टाळू, प्रामाणिक, मिळून-मिसळून आणि जरा अबोल त्यांच्याही तोंडी बसलं.

कलावतीची तयारी तर तव्यावरच झाली. दाक्षायणी पलीकडे गेली की निलक्का भुवई उडवायची आणि कलावती भाकरी थापत थापत म्हणायची, "कष्टाळू हाय, प्रामाणिक हाय..." थाप आणि शब्द एका तालात पडायला लागले. बाकीच्या बाया पदरात तोंड घालून हसायच्या. निलक्काला ते आवडलं नाही, पण काम पक्कं झाल्याचं समाधान होतं.

*

निकाल आला तो फोनवर. निवड समितीच्या ताम्हनकर मॅडम पडद्यावर होत्या. दाक्षायणीने फोन डाळीच्या डब्याला टेकवून ठेवला. निलक्का पाठमोरी बसून ऐकत होती, म्हणजे ती ऐकत नाहीये असं वाटावं.

"दाक्षायणीताई, तुमच्या तीनही शिफारशी जवळजवळ कोऱ्या आल्यात," ताम्हनकर मॅडम म्हणाल्या.

"कोऱ्या? ते बोललेच नाहीत?"

"बोलले ना. भरपूर बोलले. मी दाखवते."

पडद्यावर मल्लिनाथशेठचं बोलणं अक्षरांत उमटलं. कष्टाळू, प्रामाणिक, मिळून-मिसळून, सगळं होतं. पण इतकं फिकट, की उन्हात वाळत टाकून विसरलेल्या कापडासारखं दिसत होतं. मधलं एकच वाक्य काळंभोर.

ताम्हनकर मॅडमनी समजावून सांगितलं. त्या चांगलं समजावायच्या. माणूस दुसऱ्याबद्दल खरोखर आठवून बोलतो, तेव्हा मेंदू ती आठवण कपाटातून काढल्यासारखी तयार आणत नाही. पाहिलेलं, ऐकलेलं, हुंगलेलं, सगळे तुकडे तो त्या क्षणी नव्याने जुळवतो. त्या जुळवाजुळवीत शब्द एक निमिष अडतो. डोळ्याची बाहुली किंचित मोठी होते. गालाच्या कातडीखालचं रक्त सरकतं आणि रंग बदलतो. आपल्याला दिसत नाही, काचेमागच्या कॅमेऱ्याला दिसतो. पाठ केलेलं वाक्य मात्र सवयीच्या वाटेने गुळगुळीत येतं, तिथे काही जुळवावं लागत नाही. स्मृतिदर्शक आठवणीतून आलेलं वाक्य गडद छापतो, पाठांतरातलं फिकट. फिकट वाक्यं समिती वाचतच नाही.

"म्हणजे खोटं बोललं की फिकट?" दाक्षायणीने विचारलं.

"नाही. खरं-खोटं यंत्राला कळत नाही. तुम्ही बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर होता की नव्हता, एवढंच कळतं. तुम्ही नव्हता, ताई. आणि तिघांनीही एकच दोष सांगितलाय, त्याच शब्दांत. तुम्ही अबोल आहात."

दाक्षायणी वळली नाही. पण निलक्काच्या पाठीला कळलं की ती वळल्यासारखी झाली आहे.

"जी गडद आलीत, ती चांगली आहेत," ताम्हनकर मॅडम पुढे म्हणाल्या, "पण फार थोडी आहेत. मला तुम्हाला सोडायचं नाहीये. नियमाप्रमाणे एक शिफारस बदलून देता येते. तुमच्या मालकांचं नाव का नाही दिलंत?"

"देते," दाक्षायणी म्हणाली.

फोन बंद झाला. बाहेर कलावतीच्या हातांची थापथाप तेवढी ऐकू येत होती.

"आत्ती, तुम्ही शिकवलंत त्यांना."

"चौकशी होती. गप बसू व्हय?"

"मी अबोल आहे?"

"आता बोलायलीस की!"

"कुणाला विचारून केलंत?" दाक्षायणीचा आवाज चढला नाही. त्याची निलक्काला जास्त चीड आली. "मला हे हवंय, आत्ती. मी तुमच्याकडे आजवर काही मागितलं नाही. हेसुद्धा मागत नाही. उद्या केंद्रात जाऊन तुम्हाला माझ्याबद्दल जे वाटतं ते बोला. शिव्या द्यायच्या तर द्या. मी शिकवणार नाही काही."

एवढं बोलून ती भिजवलेले तीळ उपसायला निघून गेली.

फोन डाळीच्या डब्यालाच राहिला होता. निलक्काने तो हातात घेतला आणि गडद वाक्यं एकेक अक्षर लावत वाचली. मल्लिनाथशेठचं होतं: 'पोत्यात एक दाणा किडका निघाला की ही बाई अख्खं पोतं माझ्या गिऱ्हाइकांसमोर पालथं करायची, फार राग यायचा मला.' पठाण मॅडमचं: 'परीक्षेच्या दिवशी शेजारणीचं पाकीट फाटलं तर स्वतःचं टाकून तिचं चिकटवत बसली, मी तिचे गुण कापले.' कलावतीचं: 'मला उशीर झाला तर एक शब्द बोलत नाही, माझा तवा तापवून ठेवती, त्यापरीस चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.'

निलक्काने पुन्हा वाचलं. तिन्ही तक्रारी. मॅडम याला चांगलं म्हणाल्या? स्तुती सगळी पुसली गेली आणि तक्रारी तेवढ्या राहिल्या. तिला या यंत्राचं गणित कळेना. मग कळल्यासारखं वाटलं. नावं ठेवली की टिकतं. गोड बोललं की पुसलं जातं.

आणि तिच्या लक्षात आलं, की उद्या आपण केंद्रात जाऊन सुनेबद्दल नुसतं गोडगोड बोललो, तर सगळं फिकट येईल. पोरगी घरातच राहील. कुणी निलक्काकडे बोट दाखवू शकणार नाही. सासू असून तोंड भरून बोलली, असंच पेठ म्हणेल.

हा विचार इतका सोपा होता की तिला त्याचीच भीती वाटली. तिने फोन पुन्हा डब्याला टेकवला, होता तसाच. मग परत उचलला आणि पालथा घातला.

*

केंद्र जुन्या गिरणीच्या आवारात होतं. येमूल नावाचे पोक्त गृहस्थ ते चालवायचे. त्यांनी निलक्काला पाणी दिलं, कानात काही नाही ना हे बघितलं आणि खोपट्याचं दार उघडलं.

"अक्का, आत बाईचा आवाज येईल. ती विचारेल, तुम्ही सांगा. घाई नाही."

"बाई हाय आत?"

"नाही. यंत्रच आहे."

"मग बाई कशाला म्हणता?"

येमूल हसले आणि दार लावून घेतलं.

काळ्या काचेत निलक्काला स्वतःचा चेहरा अंधुक दिसत होता. तिने पदर सारखा केला. ठरवून आली होती ती. तक्रारीचा एक शब्द काढायचा नाही. वैगुण्यसुद्धा नाही, चिमटीएवढंही नाही. नुसतं गोड.

"दाक्षायणी बिराजदार यांना आपण कसं ओळखता?" आवाज पुस्तकातला होता.

"सून हाय माझी. आन माझ्याकडं कामाला."

"त्यांच्याविषयी काय सांगाल?"

"चांगली हाय."

हे सोपं होतं. पण म्हणताना जीभ जरा अडखळली. हे दोन शब्द तिने कधी वापरलेच नव्हते, निदान या सुनेसाठी. सुनेचं तोंडावर कौतुक केलं की सून डोक्यावर बसते, आणि पाठीमागे केलं तरी ते तिच्या कानावर जातंच. म्हणून निलक्काने दोन्ही टाळलं होतं. पेठेतल्या सगळ्याच सासवा टाळायच्या.

"चांगली म्हणजे?"

निलक्काने कष्टाळू म्हणायला तोंड उघडलं. पण तो शब्द कलावतीच्या थापेवर इतका आपटला होता की आता म्हणायला गेलं तर हसूच येईल असं वाटलं. प्रामाणिकचं तेच. मिळून-मिसळूनचं तेच. आपल्या जवळचा सगळा गोड माल आपण लोकांना वाटून मोकळे झालो, हे आत्ता तिच्या ध्यानात आलं. नवीन काहीतरी खोटं शोधायला हवं होतं. आणि खोटं बोलायचं तरी डोळ्यांसमोर काहीतरी धरावं लागतं.

"तिची भाकरी माझ्यापेक्षा पातळ निघती," ती म्हणाली.

बोलून तिलाच धक्का बसला. एवढं धडधडीत खोटं ती आयुष्यात बोलली नव्हती. छान झालं, तिने स्वतःला सांगितलं. आणखी असंच.

"हे आपण केव्हा पाहिलं?"

"रोजच बघते." आता माघार कशी घेणार? "ती उठून गेली की तिच्या चवडीतली एक घेते, माझी एक घेते, आन दोन्ही दारात उजेडाला धरते. तिच्या भाकरीतनं बोटं दिसतात. थापलेली बोटं. माझ्यातनं पण दिसतात, पण..." ती थांबली. "डोळं माझं आता बरं न्हाईत. म्हणून तसं वाटत आसंल."

"पुढे सांगा."

"पुढं काय? मुलगा गेला माझा. ते वरीस मी तव्यापाशी बसले न्हाई. पडूनच होते. आत पडल्या पडल्या ऐकायची मी. थाप, थाप, थाप. एवढीशी बाई, नवरा गेलेला, आन एक दिवस थाप चुकली न्हाई. मला वाटायचं, रडत का न्हाई ही? मग एकदा ऐकलं. थापतानाच रडायची. म्हंजे आवाज कुणाला कळू नये." निलक्काने नाक पुसलं. हे गोड आहे का? तिला काही कळेना. तिने गोडाकडे वळायचा प्रयत्न केला. "त्या वरसात गिऱ्हाईक माझ्या नावानं भाकरी घेऊन जायचं. एकानं पण इचारलं न्हाई की हात बदलला का. मी समद्यांना सांगितलं, लोकांना फरक कळला म्हणून. कुणाला कळला न्हाई. लई गुणाची हाय. लई गुणाची."

शेवटचं वाक्य तिने मुद्दाम जोरात म्हटलं. हे तरी नक्की फिकट येईल.

मग आवाजाने तो प्रश्न विचारला जो सगळ्यांनाच शेवटी विचारायचा असतो.

"त्या पुन्हा आपल्याकडे कामाला आल्या, तर आपण त्यांना घ्याल का?"

निलक्काने काचेत पाहिलं. पुन्हा यायला आधी जावं लागतं. हे यंत्र गृहीतच धरून चाललं होतं की ती गेली. कारखान्यात समोरचा तवा थंड, काटवट भिंतीला उभी, आणि आपण दारात, एकच भाकरी उजेडाला धरून.

"ती गेली तर," तिचा आवाज फाटला, "ती गेली तर मी माझी भाकरी कुणाच्या भाकरीला लावून बघू?"

"कृपया हो किंवा नाही असं सांगा."

"तू काय भाकरी खाल्लीयस का कधी?" निलक्का काचेवर ओरडली आणि दार ढकलून बाहेर आली.

येमूल आपल्या पडद्याकडे बघत उभे होते. चष्मा पुसून पुन्हा बघत होते.

"काय झालं? आलं का फिकट?"

"अक्का," ते म्हणाले, "एवढी माणसं इथं बसून गेली. 'चांगली आहे' हे वाक्य प्रत्येक जण म्हणतो. आजवर मी ते काळं आलेलं बघितलं नव्हतं."

निलक्का पडद्यापाशी गेली. अक्षरं लावायची गरजच नव्हती. वरपासून खालपर्यंत पान काजळासारखं काळं होतं. 'लई गुणाची' सुद्धा. 'तू काय भाकरी खाल्लीयस का' सुद्धा.

"बिघडलाय तुमचा डबा."

"नाही हो. सकाळीच तपासलाय."

"अहो, पण मी गोड बोलायला आले होते! खोटं बोलले मी!"

"ते तुमचं तुम्हाला ठाऊक," येमूल नम्रपणे म्हणाले. "यंत्राला एवढंच दिसतं, की सून तुमच्यासमोर उभी होती."

"उभी न्हवती," निलक्का म्हणाली. "बसली होती. तव्यापाशी."

*

निवडीचा निरोप दोन-चार दिवसांनी आला. तोवर घरात दोघी जेवढ्यास तेवढं बोलत होत्या. मीठ दे, डबा सरकव, गिऱ्हाईक आलंय. सासूने काय सांगितलं हे सुनेने विचारलं नाही. निरोपाबरोबर शिफारशींची प्रत आली, नियमाने ती उमेदवाराला मिळायचीच.

दाक्षायणी ती वाचत दारात उभी राहिली. बराच वेळ राहिली. निलक्का काटवटीत पीठ मळत होती, पाणी जास्त झालं तरी मळत होती.

"आत्ती, हे तुम्ही बोललात?"

"डब्याला इचार."

"माझी भाकरी..."

"ते खोटं होतं."

"आणि मी रडायचे ते तुम्हाला ऐकू यायचं?"

निलक्काने पिठात आणखी पीठ घातलं.

दाक्षायणी आत येऊन तिच्याशेजारी खाली बसली. आपल्या तव्यापाशी नाही, इकडे. "मी जाऊ ना, आत्ती?"

"मला काय इचारतीस? मी न्हाई म्हणायला गेले तर हो झालं. आता हो म्हटलं तर काय होईल देव जाणे." तिने हात झटकले. "जा. आन तिथं भाकरी जाड करू नको. लोक म्हणतील बिराजदारांकडनं आलीय."

दाक्षायणी हसली. हसताना तिचे डोळे भरले होते, आणि त्यातलं कुठलं खरं धरावं हे निलक्काला समजेना. मग सून मालाची खोकी बांधायला आत गेली, बोटीबरोबर पहिली खेप इथूनच जाणार होती.

ती गेल्यावर निलक्का सवयीने उठली. सुनेच्या चवडीतली एक भाकरी घेतली, आपल्यातली एक घेतली, आणि दारात जाऊन दोन्ही उजेडाला धरल्या. दोन्हींतून बोटं दिसत होती. तिने डावीकडची जवळ आणली, मग उजवीकडची. हातांची अदलाबदल केली. पुन्हा केली.

कुठली कुणाची, ते तिला आता सांगता येईना.

"दाक्षे!" तिने हाक मारली. "बाहेर ये जरा. आन हे सांग मला."

सून पदराला हात पुशीत दारात आली. निलक्काने दोन्ही भाकऱ्या तिच्यासमोर धरल्या.

दाक्षायणीने बघितलं. उजेडाला धरून बघितलं. मग सासूकडे बघितलं.

"नाही कळत, आत्ती," ती म्हणाली.

"खरं बोलायलीस का गोड?"

दाक्षायणीला उत्तर द्यायला किंचित वेळ लागला. निलक्का तिच्या डोळ्यांतल्या बाहुल्यांकडे टक लावून बघत राहिली.